विस्मृतीत गेलेला मराठी संशोधक : शंकर आबाजी भिसे

एप्रिल महिना आपल्या मंडळाच्या दिनदर्शिकेत नेहमीच भरलेला असतो. चैत्रातले उत्सव, जामसावळीची हनुमान जयंती, बाबासाहेबांची जयंती, मुलांच्या परीक्षा आणि लग्नसराईची सुरुवात. याच महिन्यात एका मराठी माणसाची पुण्यतिथी आणि जयंती दोन्ही येतात आणि दोन्ही तारखा गाजावाजा न होता निघून जातात. ७ एप्रिल आणि २९ एप्रिल. तो माणूस म्हणजे संशोधक शंकर आबाजी भिसे.

आपल्या लोधीखेडा-सौंसर भागातल्या नव्या पिढीला हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. त्यांचा पुतळा कुठल्या चौकात नाही आणि शाळेच्या पुस्तकात धडाही नाही. हयातीत मात्र त्यांना भारतीय एडिसन म्हणत. सुमारे दोनशे शोध आणि त्यांपैकी सुमारे चाळीस शोधांची पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. एवढी कामगिरी असूनही त्यांचे नाव मागे का पडले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर आपल्या गावातल्या हुशार मुलामुलींच्या उपयोगाचे आहे, म्हणून ही ओळख जरा विस्ताराने करून देत आहोत.

मुंबईतले दिवस

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. मुंबई त्या काळात झपाट्याने बदलत होती. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ पासून धावत होती, कापडगिरण्या उभ्या राहत होत्या, छापखाने वाढत होते. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तोही याच काळातला. यंत्रे डोळ्यांसमोर होती. ती उघडून समजावून सांगणारी सोय मात्र सामान्य घरातल्या मुलाला फारशी नव्हती.

शंकररावांनी ते शिक्षण स्वतःच मिळवले. चौदाव्या वर्षीच त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले होते. परदेशातून येणारी विज्ञानविषयक मासिके वाचायची, त्यांतल्या आकृत्या पाहायच्या आणि मग हाताने करून बघायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे त्यांनी मुंबईत समविचारी मंडळींचा एक सायंटिफिक क्लब स्थापन केला आणि विज्ञान व कलाकौशल्याची माहिती मराठीत पोहोचवणारे ‘विविध कलाप्रकाश’ हे मासिक चालवले. आपल्याला जे समजले ते आपल्या भाषेत इतरांना सांगावे, ही ओढ त्यांना तरुण वयापासून होती.

त्यांच्या सुरुवातीच्या कामात प्रकाशाच्या खेळांना मोठे स्थान होते. एक वस्तू पाहता पाहता दुसऱ्या वस्तूत बदलल्याचा भास निर्माण करणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोग त्यांनी बसवले. अशा प्रयोगांचे सगळे रहस्य प्रकाश कुठून टाकायचा, कुठे अडवायचा आणि पाहणाऱ्याची नजर कुठे वळवायची, यात असते. ते प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही दाखवले आणि तिथल्या जाणकारांची दाद मिळवली. अनेकांनी ती जादू समजली असेल. शंकररावांसाठी तो अभ्यास होता, आणि नजर वेधून घेणारी यंत्रे पुढेही त्यांच्या कामात आली.

याच काळात त्यांनी आणखी कितीतरी वस्तू बनवल्या. आत भेसळ करता येऊ नये अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची जोडणी, आणि मुंबईच्या उपनगरी गाडीसाठी स्टेशनदर्शक. या शेवटच्या यंत्राचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीने रात्रीचा प्रवास केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल की, सावनेर गेले की लोधीखेडा येईपर्यंत डब्यातली मंडळी एकमेकांना कोणते टेशन आले म्हणून विचारत बसत. पुढचे स्थानक कोणते, हे गाडीनेच प्रवाशाला सांगावे, ही कल्पना आज प्रत्येक मेट्रोत दिसते. भिसे यांच्या मनात ती एकोणिसाव्या शतकातच आली होती.

वजनाच्या यंत्राने उघडलेली वाट

१८९० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकाने संशोधकांसाठी स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा उत्तम आराखडा पाठवायचा होता. विषय वरवर साधा वाटतो. पण साखर, डाळ, पीठ यांची घसरण वेगवेगळी असते. ठरलेले वजन भरताच माल पडायचा थांबला पाहिजे आणि थांबेपर्यंत वाटेत असलेला मालही हिशेबात धरला पाहिजे. बाजाराच्या दिवशी काटा हाती धरणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही दुकानदाराला यातली मेख कळेल. मुंबईतून पाठवलेला भिसे यांचा आराखडा या स्पर्धेत पहिला आला.

या यशामुळे मुंबईतल्या मोठ्या मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. काँग्रेसचे एक प्रमुख नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले आणि शंकरराव लंडनला गेले.

दादाभाई १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. हिंदुस्थानातली संपत्ती कशी बाहेर वाहून जाते, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला आणि १९०१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. इथला माणूस गरीब आहे तो अक्कल कमी म्हणून नव्हे, तर हाताशी भांडवल उरत नाही म्हणून, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. भिसे यांच्या रूपाने या म्हणण्याचा जिवंत दाखलाच त्यांच्यासमोर आला. सत्तरी ओलांडलेल्या दादाभाईंनी या तरुणासाठी पदरमोड केली, ओळखी करून दिल्या आणि गुंतवणूकदार शोधले.

घरगुती वस्तूंपासून विजेच्या पाटीपर्यंत

लंडनमध्ये शंकररावांनी अनेक पेटंटे घेतली. त्यांची यादी वाचताना एकाच माणसाचे काम वाचतो आहोत यावर विश्वास बसत नाही. स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचालय, डोकेदुखीवरचा उपाय, कपडे धुण्याचे मिश्रण आणि जाहिरातीची विजेची पाटी. या पाटीचे नाव व्हर्टोस्कोप. तिच्यावरच्या जाहिराती आपोआप बदलत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शनात मांडली गेली आणि काही दुकानांनी ती वापरलीही. मँचेस्टरच्या रंगमंचावर ज्या माणसाने प्रेक्षकांची नजर खेळवली होती, त्यानेच आता रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर थांबवण्याचे यंत्र केले होते.

इतक्या वेगवेगळ्या वाटांनी जाण्यामुळे त्यांचे नुकसान झाले का? एकाच कामाला चिकटून राहायला हवे होते, असे कोणी म्हणेल. आम्हाला मात्र याची दुसरी बाजूही दिसते. मोठे यंत्र करायचे तर वर्षानुवर्षे खर्च येतो. पगार नाही, वडिलोपार्जित संपत्ती नाही, प्रयोगशाळा नाही, अशा माणसाला लहान वस्तू लवकर विकल्या जाव्यात असे वाटणारच. शेतकरी संत्र्याची बाग फळावर येईपर्यंत मधल्या जागेत भाजी किंवा हरभरा घेतो, तसेच हे झाले.

पेटंट म्हणजे नेमके काय, हे इथे समजून घेतले पाहिजे. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे आणि शोध चांगला असल्याचे प्रमाणपत्रही नव्हे. शोधाची सगळी कृती जगासमोर उघड करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे इतरांना ती परवानगीविना वापरू न देण्याचा हक्क मिळवायचा, असा हा सरकारशी केलेला करार आहे. आपल्या देशात असा कायदा पहिल्यांदा १८५६ मध्ये आला आणि त्याखालचा पहिला अर्ज पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी होता. घर थंड ठेवण्याची विवंचना तेव्हाही होतीच. भिसे लंडनला गेले तेव्हा ब्रिटिश पेटंटाची मुदत १४ वर्षांची होती. पहिल्या काही वर्षांनंतर ते टिकवायला पुन्हा पुन्हा शुल्क भरावे लागे आणि प्रत्येक देशात वेगळा अर्ज करावा लागे. म्हणजे कागद हाती आल्या दिवसापासून घड्याळ सुरू होई. त्या १४ वर्षांत यंत्र कारखान्यात उभे राहून बाजारात गेले तर फायदा, नाहीतर हक्क संपला.

खिळ्यांचे यंत्र

शंकररावांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम म्हणजे छपाईचे खिळे पाडणारे यंत्र. आज लग्नपत्रिका संगणकावर होते, त्यामुळे खिळे काय ते मुलांना सांगावे लागेल. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस अक्षराच्या साच्यात ओतायचा, तो थिजला की एका अक्षराचा एक धातूचा खिळा तयार होतो. असे हजारो खिळे खणाखणांच्या पेटीत ठेवायचे आणि जुळाऱ्याने एकेक उचलून ओळ जुळवायची. इंग्रजीला थोडी अक्षरे पुरतात. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. खिळा स्वस्त तर पुस्तक स्वस्त, इतका हा सरळ संबंध होता.

अमेरिकेत मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप १८८६ मध्ये कामाला लागले होते आणि लॅन्स्टन यांचे मोनोटाइपही बाजारात आले होते. दोन्ही यंत्रांच्या मागे बड्या कंपन्या होत्या. त्यांच्यासमोर भिसे यांनी आपले भिसोटाइप उभे केले. मिनिटाला १,२०० खिळे पाडणारे यंत्र असा त्याचा लौकिक झाला. धातूचा रस थिजायला जो क्षण लागतो, तोच अशा यंत्राच्या वेगाची खरी मर्यादा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

यंत्राचा आराखडा होता, पेटंट होते, जाणकारांचे मतही अनुकूल होते. उणीव होती ती कारखाना काढण्याइतक्या पैशाची. दादाभाईंनी आपले जुने मित्र हेन्री हाइंडमन यांना गळ घातली. हाइंडमन हे इंग्लंडमधल्या समाजवादी चळवळीचे पुढारी. भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या या गृहस्थाने एका हिंदी माणसाच्या यंत्रासाठी १५,००० पौंडांचे भांडवल उभे करण्याचा शब्द दिला, ही त्या काळातली एक चमत्कारिक गोष्टच म्हणायची. पण रक्कम काही जमली नाही. १९०७ च्या अखेरीस तो सगळा बेत कोसळला. त्याच वर्षी दादाभाईही वार्धक्यामुळे इंग्लंड सोडून मायदेशी परतले. पुढच्या वर्षी भिसे रिकाम्या हातांनी मुंबईला आले.

टाटांची साथ आणि महायुद्ध

गोष्ट इथेच संपली असती. पण त्या परतीच्या सुमारास त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी या माणसाचे मोल ओळखले आणि त्यांचे नाव रतन टाटांकडे पोहोचवले. हे रतन टाटा म्हणजे अलीकडे आपल्यातून गेलेले उद्योगपती नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाला ज्यांनी मोठ्या देणग्या दिल्या, तेच हे. त्यांनी पैसा घातला आणि टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट ही संस्था उभी राहिली. भिसे पुन्हा लंडनला गेले.

या दुसऱ्या संधीतही यंत्र बाजारात पाय रोवू शकले नाही. प्रयोगशाळेत चालणारे यंत्र आणि छापखान्यात दिवसरात्र बिनतक्रार चालणारे यंत्र यांत फार मोठे अंतर असते. ते तोडायला कुशल कामगार, चाचण्या, सुटे भाग आणि वेळ लागतो. तेवढ्यात १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. युरोपातले कारखाने तोफा-दारूगोळ्याकडे वळले आणि युद्धकाळातच या सिंडिकेटचा कारभार गुंडाळला गेला. १९१५ मध्ये गोखले गेले, १९१७ मध्ये दादाभाई आणि १९१८ मध्ये सर रतन टाटा. ज्या तीन माणसांनी भिसे यांना उभे केले, ती अवघ्या तीन-चार वर्षांत काळाच्या पडद्याआड गेली.

न्यूयॉर्क आणि अखेर

तोवर भिसे अमेरिकेत पोहोचले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी तिसऱ्या देशात नव्याने सुरुवात केली. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाने खिळे पाडणाऱ्या यंत्राची कंपनी निघाली. तिने यंत्र केलेही, पण लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी भरलेल्या बाजारात त्याला मोठी जागा मिळाली नाही.

पैशाच्या दृष्टीने त्यांना आधार दिला तो एका औषधाने. आयोडीनपासून केलेले हे औषध ॲटोमिडीन या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले आणि त्याचे नाव झाले. त्या काळी अनेक आजारांवर ते सुचवले जाई. आजच्या वैद्यकशास्त्रात मात्र आयोडीन असे सरसकट देत नाहीत, कारण जास्त आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला अपायकारक ठरते. जुन्या शोधाचे कौतुक करताना हे सांगणेही आवश्यक आहे.

उत्तरायुष्यात त्यांचा ओढा अध्यात्माकडे वाढला. सर्व धर्मांतले समान सूत्र शोधावे या विचाराने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये लोटस फिलॉसॉफी सेंटर सुरू केले. ज्यांच्या नावाने लोक त्यांना ओळखत, त्या थॉमस एडिसन यांची भेटही त्यांना एडिसन यांच्या अखेरच्या काळात घडली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये शंकररावांचे निधन झाले.

उपमेत राहून गेलेली गोष्ट

भारतीय एडिसन ही उपाधी आपण अभिमानाने घेतो. पण तिच्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते. एडिसन यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत, ती त्यांनी एकट्याने खोलीत बसून मिळवलेली नाहीत. १८७६ पासून मेन्लो पार्कला त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती, तिथे यंत्रकारांचा आणि मदतनिसांचा ताफा होता, आणि विजेच्या दिव्यासाठी त्यांच्यामागे मॉर्गन यांच्यासारखे सावकार होते. एडिसन यांचा दिवा लागला तो या सगळ्यांमुळे. भिसे यांच्याकडे बुद्धी होती, चिकाटी होती, पेटंटे होती. प्रयोगशाळा आणि भांडवल यांसाठी मात्र त्यांना प्रत्येक वेळी नवे दार ठोठवावे लागले.

त्याच काळात जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. ज्ञान विकू नये या मताचे असल्यामुळे त्यांनी ते मित्रांच्या आग्रहानेच घेतले होते. बोस पेटंटापासून दूर राहिले, भिसे यांनी डझनांनी पेटंटे घेतली. परिणाम पाहिला तर दोघांच्याही कल्पनांवर देशात कारखाना उभा राहिला नाही. मग दोष पेटंट घेण्यात किंवा न घेण्यात नव्हता. शोधाच्या मागे उभा राहणारा समाज, उद्योग आणि पैसा देशात पुरेसा नव्हता, हे त्याचे खरे कारण आम्हाला वाटते. दादाभाई, गोखले आणि टाटा यांनी ही उणीव वैयक्तिक पातळीवर भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्यामुळेच भिसे इतके पुढे जाऊ शकले. पण काही मोठ्या माणसांच्या आधारावर एक माणूस चालू शकतो, उद्योग उभा राहत नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. आपल्या देशात पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. व्यक्तीसाठी आणि लहान उद्योगासाठी शुल्क कमी आहे. आधी तात्पुरते तपशील देऊन अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मध्य प्रदेशातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, आणि या विषयाचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था तर आपल्या शेजारी नागपुरातच आहे. एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. अर्ज करण्याआधी आपली नवी कल्पना प्रदर्शनात, वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीत उघड करू नये. एकदा ती जाहीर झाली की नवेपणा गेला, आणि हक्कही जाऊ शकतो.

आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात हाताने करून पाहणाऱ्यांची वाण नाही. संत्र्याची प्रतवारी सोपी करणारी चाळण, फवारणीचा बदललेला पंप, कापूस वेचताना कमरेला आधार देणारा पट्टा, उन्हाळ्यात पत्र्याचे घर थंड ठेवणारा थर, असे काही ना काही कुणीतरी वर्कशॉपमध्ये किंवा घराच्या पडवीत करतच असतो. आपण त्याला हुशार म्हणतो, पाठ थोपटतो आणि पुढे जातो. शंकररावांच्या पाठीवर थाप मारणारे पुष्कळ होते. त्यांना हवे होते ते दोन-चार वर्षे धीराने सोबत राहणारे लोक, हिशेब सांभाळणारा कोणी, यंत्र विकू शकणारा कोणी आणि थोडा पैसा.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे की, येत्या २९ एप्रिलला शंकररावांच्या तसबिरीला हार घालून थांबू नये. आपल्या ओळखीत कुणी असे काही बनवले असेल तर त्याची माहिती मंडळाला द्यावी. आपल्यातले वकील, हिशेबनीस, बँकेतले निवृत्त अधिकारी, नागपूर-पुण्याला असलेले अभियंते आणि परदेशी गेलेली आपली मुलेमुली, या सगळ्यांनी मिळून एखाद्याच्या अर्जाचे आणि पहिल्या दहा नगांचे काम अंगावर घ्यावे. ज्या माणसाला तीन देशांत दारे ठोठवावी लागली, त्याची जयंती साजरी करण्याची याहून चांगली रीत आम्हाला सुचत नाही.